नृसिंहवाडीचा संगम आणि फिरत्या पात्यांचें गणित

कृष्णाकांठच्या क्षेत्रांत श्रीनृसिंहवाडीचें माहात्म्य आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास पाहिजे असें नाहीं. ज्या घरांत गुरुचरित्राची पोथी आहे, त्या घरांत वाडीचें नांव आजीच्या तोंडून कानांवर पडलेलें असतेंच. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत, कृष्णा आणि पंचगंगा जेथें एकमेकींस भेटतात तेथें, श्रीनृसिंहसरस्वतींनीं बारा वर्षें वास्तव्य केलें अशी परंपरा आहे. त्यांच्या मनोहर पादुका येथें पूजिल्या जातात. पावसाळ्यांत नदी पायऱ्या चढत चढत देवळांत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दारानें बाहेर पडते. त्या दारांतील पाण्यांत स्नान घडावें म्हणून लोक लांबून धांवत येतात. यासच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. २०१९ च्या श्रावणांत मात्र नदीनें सोहळ्याची मर्यादा ओलांडली. वाडी, कुरुंदवाड आणि भोंवतालचीं गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं, आणि माणसें मोटारीच्या होड्यांतून बाहेर काढावीं लागलीं.

गेल्या आषाढाच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब वाडीस गेलों. बरोबर आमचे वडील बंधु होते. त्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात. पंपांच्या एका कारखान्यांत पस्तीस वर्षें काढून ते निवृत्त झाले आहेत. ताईचा मुलगा पुण्याहून येऊन मिळाला. वाडीचें दर्शन झाल्यावर पुढें ढालगांवच्या माळावर पवनचक्क्या पाहावयास जावें, हा बेत त्याचाच. फिरत्या पात्यांभोंवतीं हवा कशी वाहते याचें गणित संगणकावर सोडविणें हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे. सध्यां एका अहवालावर सही करावी कीं न करावी या विवंचनेंत तो होता, हें त्यानें आम्हांस पहिल्या दिवशीं सांगितलें नाहीं.

संगमाचें पाणी घटकाभर पाहत बसण्याजोगें असतें. कृष्णेचें पाणी आणि पंचगंगेचें पाणी लगेच एकजीव होत नाहीं. दोहोंमध्यें एक शीव दिसते. त्या शिवेवर लहानमोठे भोंवरे जन्मतात, दहावीस हात वाहत जातात आणि विरतात. होडी बांधण्यासाठीं रोवलेल्या एका खुंटामागें तर भोंवऱ्यांची रांगच लागली होती. एक डावीकडून, एक उजवीकडून, पुनः एक डावीकडून. भाच्यानें हातांतलीं दोन फुलें सोडलीं. पहिलें डाव्या भोंवऱ्यांत गुरफटलें, दुसरें उजव्या. "मामा, हवा डोळ्यांस दिसत नाहीं एवढेंच, नाहींतर माझ्या पात्यांमागेंहि हेंच चाललेलें असतें," तो म्हणाला.

घाटावर एक मोटारीची होडी ओढून ठेविली होती. तिचें यंत्र वर उलथलेलें असल्यामुळें पंखा उघडा होता. पातीं तीन. प्रत्येक पातें मुळाशीं बरेंच तिरपें उभें आणि टोंकाकडे जातां जातां निजल्यासारखें, असें पिळलेलें. हा पीळ कशासाठीं, असें आमच्या सौ. नें विचारलें. भाच्यानें दिलेलें उत्तर आम्हांस आवडलें. पंखा फिरतो तेव्हां त्याचें टोंक मोठ्या वर्तुळावरून धांवतें आणि मूळ लहान वर्तुळावरून; वेळ मात्र दोघांस सारखाच. चाळीस मीटर लांबीचें पवनचक्कीचें पातें मिनिटास १८ फेरे करीत असेल, तर टोंकाचा वेग सेकंदास सुमारें ७५ मीटर, म्हणजे ताशीं २७० किलोमीटर होतो. आंसापासून दहा मीटरांवर तोच वेग चौथाई असतो. वारा एकच, परंतु पात्याच्या प्रत्येक वितीस तो निराळ्या दिशेनें येतोसा भासतो. प्रत्येक वितीनें त्यास योग्य कोनांत सामोरें जावें, म्हणून हा पीळ.

राइट बंधूंनीं १९०३ सालीं विमान उडविलें, त्यापूर्वीं त्यांस हीच अडचण पडली होती. आगबोटींचे पंखे साठएक वर्षें चालत असल्यामुळें त्यांचें शास्त्र तयार असेल अशा समजुतीनें त्यांनीं ग्रंथ धुंडाळले. हातीं लागलें तें सारें अजमासाचें. अखेर त्यांनींच विचार करून ठरविलें कीं पंखा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून गोल फिरणारा पंखच होय. त्या हिशेबानें त्यांनीं लांकूड तासून जे पंखे केले, ते यंत्राच्या शक्तीपैकीं सुमारें पाऊण हिस्सा कामीं लावीत. पवनचक्की ही त्याचीच उलट बाजू. पंखा शक्ति खाऊन वारा ढकलतो, चक्की वारा खाऊन शक्ति देते.

सायंकाळीं पालखी झाली. उतरण्याच्या जागीं बासुंदीचें भोजन आटोपल्यावर विषय पुनः निघाला. दादांनीं मुद्द्यासच हात घातला. "पातें कसें असावें तें कळलें. पण त्याच्याभोंवतीं हवा कशी वाहते तें तूं कागदावर कसें ठरवितोस?"

कागद जवळ नव्हता. भाच्यानें कवठाच्या बर्फीचें रिकामें खोकें घेतलें आणि त्याच्या झांकणावर चौकटी आंखल्या.

हवेच्या गतीचे नियम फार जुने आहेत. फ्रान्सांतील नाव्हिए यानें १८२२ त आणि केंब्रिजच्या स्टोक्सनें १८४५ त ते समीकरणांत मांडले. मांडलेलीं समीकरणें सोडविणें मात्र निराळें. तीं सर्वत्र सुटतात एवढें सिद्ध करून दाखविणाऱ्यास २००० सालीं क्ले गणित संस्थेनें दहा लाख डॉलरांचें बक्षीस लाविलें. तें अद्याप कोणी नेलेलें नाहीं. तेव्हां व्यवहारी मार्ग असा कीं, पात्याभोंवतींच्या जागेचे लहान लहान खण पाडावे आणि प्रत्येक खणापुरता जमाखर्च मांडावा. पात्याच्या अगदीं लगत हे खण केंसाच्या जाडीहूनहि पातळ घ्यावे लागतात, कारण पृष्ठभागास चिकटलेली हवा जवळजवळ थांबलेली असते आणि तिच्यावरची धांवत असते. दूर जावें तसे ते मोठे करतां येतात. तरीहि एका चक्कीभोंवतीं खणांची संख्या कोटींवर जाते.

एखादा मोठा वाडा डोळ्यांपुढें आणावा. त्याला शेंकडों खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीस शेजारच्या खोलींत जाण्यास दार आहे. खोलींत जितकी माणसें येतील तितकीं बाहेर गेलीं पाहिजेत. कोठेंहि गर्दी सांचतां कामा नये. हवेचा वेग म्हणजे दारांतून होणारी येजा, आणि दाब म्हणजे खोलींतली रेटारेटी. अडचण अशी कीं, वेग ठरवावयाचा तर दाब ठाऊक पाहिजे, आणि दाबाचें स्वतःचें समीकरणच नाहीं. तो अमुक असावा एवढेंच म्हणतां येतें, कीं ज्यामुळें कोठें गर्दी होणार नाहीं.

या कोड्यावर जी तोड जगभर चालते, तिच्या मुळाशीं एक पुणेकर आहेत. सुहास पाटणकर यांचा जन्म पुण्याचा, १९४१ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी त्यांनीं १९६२ त घेतली, मुंबईच्या आयआयटींत पुढील शिक्षण केलें, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत ब्रायन स्पाल्डिंग यांच्या हाताखालीं १९६७ त डॉक्टरेट मिळविली. पुढें ते अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९७२ त गुरुशिष्यांनीं मिळून जी पद्धति प्रसिद्ध केली, तिच्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून 'सिंपल', म्हणजे सोपी, असें नांव होतें. १९८० त पाटणकरांनीं या विषयावर दोनशे पानांच्या आंतबाहेर एक पुस्तक लिहिलें. त्याची भाषा इतकी स्वच्छ आहे कीं, हा धंदा करणाऱ्यांच्या मेजावर तें अजून सांपडतें. भाच्याची प्रत जुन्या बाजारांतली, पुठ्ठा सुटलेली. ती तो पिशवींत बाळगतो.

पद्धति खरोखरच सांगावयास सोपी आहे. आधीं प्रत्येक खोलींतल्या दाबाचा अंदाज बांधावा. त्या अंदाजावरून दारांतले वेग काढावे. मग खोली खोली हिंडून पाहावें. जेथें येणारे अधिक आणि जाणारे थोडे, तेथें दाब थोडा वाढवावा. जेथें उलट, तेथें कमी करावा. पुनः वेग काढावे, पुनः हिंडावें. असे हजारों फेरे झाले कीं सर्व खोल्यांचा जमाखर्च जुळूं लागतो. यांत दोन खुब्या आहेत. दाब खोलीच्या मध्यावर मोजावा आणि वेग दारांत, ही एक. अमेरिकेंतील हार्लो व वेल्श यांनीं ती १९६५ त वापरली होती. दोन्ही मध्यावर मोजले, तर बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एक खोली चढ्या दाबाची, एक उतरत्या दाबाची असा खोटा दाब निर्माण होतो आणि गणितास तो सपाट दिसतो. दुसरी खुबी अशी कीं, दुरुस्ती सोळा आणे निघाली तरी ती एकदम सोळा आणे लागू करूं नये, आठबारा आणेच करावी; नाहींतर अंदाज डावीउजवीकडे झोके खाऊं लागतो आणि गणित उधळतें.

"आमटींत मीठ घालतांना आम्ही हेंच करितों," सौ. म्हणाली, "फक्त त्याला कोणी डॉक्टरेट देत नाहीं."

आतां पातें फिरतें आहे, ही गोष्ट राहिली. खण तर जागच्या जागीं आहेत, मग त्यांत फिरणारें पातें बसवावें कसें? येथें भाच्यानें वाडीचाच दृष्टान्त घेतला. प्रदक्षिणा घालणाऱ्यास गाभारा सतत उजव्या हातास दिसतो. त्याच्या लेखीं देऊळच त्याच्याबरोबर वळत असतें. त्याचप्रमाणें आपण मनानें पात्यावर बसावें. मग पातें स्थिर आणि सारी हवा उलट फिरणारी. जत्रेंतल्या फिरत्या पाळण्यांत बसलेल्या मुलास बाहेर फेंकल्यासारखें वाटतें, तसे एकदोन जादा रेटे समीकरणांत घालावे लागतात. पण गणित स्वस्तांत सुटतें. वारा सरळ आणि एकसारखा असेल, तर हें चालतें, कारण पात्यास प्रत्येक कोनांत सारखेंच दृश्य दिसतें. वारा तिरपा आला, किंवा चक्कीच्या खांबाची अडवणूक मोजावयाची असली, तर मात्र ही युक्ति लंगडी पडते. तेथें जात्याची रीत धरावी लागते. पात्याभोंवतींचे खण म्हणजे जात्याची वरची तळी. ती पात्यासकट फिरते. बाहेरचे खण म्हणजे खालची तळी, अचल. दोहोंच्या फटींतून हवा इकडून तिकडे जाते, आणि प्रत्येक अंशाअंशाच्या फिरण्यास सारे खण पुनः जुळवावे लागतात. एका फेऱ्याच्या गणितास मोठमोठ्या संगणकांसहि दिवस लागतात. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रानें १९९१ त 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तो अशाच प्रकारच्या कामांची भूक भागविण्यासाठीं. आज त्याहून कितीतरी पट शक्ति कचेरींतल्या एका पेटींत मावते, पण पात्यांची भूकहि तितकीच वाढली आहे.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, पंप किती पाणी फेंकतो तें हौदांत मोजल्याशिवाय आम्हीं कधीं शिक्का मारला नाहीं. तुझें गणित जुळलें हें तुला कोण सांगतें?"

"गणितच सांगतें, दादामामा. फेऱ्याफेऱ्यास चूक उतरत जाते. ती लाखांत एक उरली कीं जुळलें म्हणावयाचें."

त्यावर सौ. जें बोलली, तें आम्ही जसेंच्या तसें देतों. "म्हणजे कीर्दखतावणी जुळली. पण तिजोरी उघडून पाहिली का?"

भाचा हंसला नाहीं. त्यानें एक हकीकत सांगितली. २००० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनें दहा मीटर व्यासाची दोन पात्यांची एक पवनचक्की कॅलिफोर्नियांतील नासाच्या एम्स केंद्रांत, वाऱ्याच्या प्रचंड बोगद्यांत, उभी केली. बोगदा २४ मीटर उंच आणि ३६ मीटर रुंद. मोजमापें घेऊन तीं झांकून ठेविलीं, आणि जगभरच्या तज्ज्ञांस विचारलें कीं अमुक वाऱ्यांत ही चक्की किती शक्ति देईल तें सांगा. वारा सरळ, एकसारखा, पात्यावरून न सुटणारा, अशा सर्वांत सोप्या स्थितींतहि उत्तरें खऱ्या शक्तीच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरलीं. उत्तरें देणारे हौशी नव्हते. याच धंद्यांत मुरलेले लोक होते. डेन्मार्कच्या रीसो प्रयोगशाळेनें खण पाडून केलेलें गणित मात्र मोजमापाशीं विलक्षण जुळलें, आणि त्याच्याहि मुळाशीं दाबाच्या दुरुस्तीचीच युक्ति होती. पाटणकरांच्या पद्धतीचा हा मोठाच गौरव आहे असें आम्हांस वाटलें. भाच्याचें लक्ष दुसरीकडे होतें. "झांकलेलीं मोजमापें उघडीपर्यंत," तो म्हणाला, "आपलें उत्तर कोणत्या टोंकाचें, हें त्यांतल्या कोणासहि ठाऊक नव्हतें."

मग अहवालाची गोष्ट निघाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों. मिरज मागें पडली कीं ऊंस विरळ होतो. दंडोबाचा डोंगर ओलांडावा तों जमीन उघडी, खडकाळ आणि तांबूस दिसूं लागते. कवठेमहांकाळ आणि जत हा पिढ्यान् पिढ्या अवर्षणाचा मुलूख. म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें उचलून आतां या बाजूस आणिलें आहे. कालवा दिसतांच दादांनीं गाडी थांबविली आणि पंप किती अश्वशक्तीचे असावेत यावर कालव्याकांठच्या एका शेतकऱ्याशीं अर्धा तास वाद घातला. नदी वर चढविणारीं पातीं खालीं म्हैसाळास आणि वारा दळणारीं पातीं वर ढालगांवास, असा हा प्रदेश आहे. कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवड्याच्या पठाराप्रमाणेंच ढालगांवचा माळहि चक्क्यांनीं भरलेला आहे.

लांबून त्या संथ दिसतात. खालीं जाऊन उभें राहावें तेव्हां प्रत्येक पातें खांबासमोरून जातांना कोणी मोठें धोतर झटकल्यासारखा आवाज येतो. आषाढाचा वारा पश्चिमेकडून एवढा होता कीं, सौ. स पदर दोन्ही हातांनीं धरावा लागला. भाच्यानें आम्हांस पहिल्या रांगेच्या पुढें उभें केलें आणि मग तिच्या मागें, दुसऱ्या रांगेपाशीं नेलें. कोणतीहि चक्की वाऱ्यांतील शक्तीच्या सत्तावीस भागांपैकीं सोळांहून अधिक घेऊं शकत नाहीं, हें जर्मनींतील बेट्स यानें १९२० त दाखविलें. सारा वारा अडवूं पाहावा तर तो तुंबून बाजूनें निघून जातो. परंतु जेवढा घेतला तेवढा मागच्या चक्कीस कमी पडतो. पुढच्या पात्यांच्या टोंकांपासून सुटलेले भोंवरे मळसूत्राप्रमाणें मागें वाहत जातात. वारा मंदावलेला आणि गढूळ होऊन पोहोंचतो. संगमावरच्या खुंटामागील फुलें आम्हांस येथें आठवलीं. चक्कीची शक्ति वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. वेग दहावा हिस्सा घटला, तर शक्ति चौथाईहून जास्त घटते. म्हणून पुढची आणि मागची रांग यांत पात्यांच्या व्यासाच्या कित्येक पट अंतर ठेवितात. माळ सपाट असता तर किती पट, हें ठरलेलें आहे. माळ सपाट नाहीं.

ढालगांवच्या पलीकडे एका माळावर नव्या, लांब पात्यांच्या चक्क्यांच्या दोन रांगा उभ्या करण्याचें घाटत होतें, आणि मागच्या रांगेचें गणित भाच्याकडे होतें. प्रदक्षिणेच्या रीतीनें केलेल्या गणितांत मागची रांग चांगली चालत होती. जात्याच्या रीतीनें, उंचसखल जमीन घालून केलेल्या गणितांत ती जेमतेम पोट भरीत होती. दोन्ही गणितें आपापल्या परीनें जुळलेलीं. पहिलें स्वस्त आणि लवकरचें, म्हणून तेंच पुढें पाठवावें असें कचेरींतल्या वरिष्ठांचें म्हणणें. भाच्याची सही झाली असती, तर मागच्या रांगेच्या जागेचे करार त्याच महिन्यांत व्हावयाचे होते. त्या जागेचा एक मालक आम्हांस तेथेंच भेटला, पन्नाशीचा, बोलका. येणाऱ्या भाड्याच्या भरंवशावर त्यानें विहिरीचें काम काढलें होतें. त्यानें मोठ्या अगत्यानें आम्हांस चहा पाजला आणि भाच्यास विचारलें, "साहेब, वारा तर भरपूर आहे. मग अडलें कोठें?"

भाच्यानें त्यास काय सांगावें तें त्यास सुचेना. दादांनींच सांगितलें. पुढच्या चक्कीनें वारा खाल्ल्यावर उरतो किती, तें कोणी मोजलेलें नाहीं. मोजीपर्यंत विहिरीस कर्ज काढूं नका. गृहस्थ कांहीं वेळ पात्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "खोदाईला उचल घेतली आहे, पण सुरुंगाचे पैसे अजून द्यावयाचे आहेत. थांबवितों."

परत येतांना मिरजेपर्यंत भाचा फारसा बोलला नाहीं. दादा एवढेंच म्हणाले कीं, त्यांच्या कारखान्यांतहि हौदाची चांचणी होण्यापूर्वीं माल गाडींत चढविण्याची घाई करणारे लोक असत.

श्रावणांत पुण्याहून त्याचें पत्र आलें. त्यानें सही केली नाहीं. उलट लेखी मागणी केली कीं, माळावर आधींच चालू असलेल्या एका चक्कीच्या पुढें एक आणि मागें एक, असे वारा मोजण्याचे दोन स्तंभ आंसाच्या उंचीचे उभारावे, आणि पावसाळ्याचे निदान दोन महिने वाचन घ्यावें. मग दोन्हींपैकीं कोणतें गणित खरें तें पाहतां येईल. कचेरींत त्यावरून बरीच बोलाचाली झाली. पगारवाढीचें या वर्षीं नांव काढूं नये असेंहि त्यास सुचविण्यांत आलें. अखेर स्तंभ मंजूर झाले; पुढचा उभा राहिला आहे, मागच्याचा पाया खडक लागल्यामुळें आठ दिवस अडला आहे. विहीर वीस फुटांवर थांबली आहे. वाचनें भाद्रपद अखेरपर्यंत घ्यावयाचीं आहेत.